ट्रेलजवळची नोकरी की नोकरीजवळचा ट्रेल?

तुझा मेसेज दोनदा वाचला. "ताई, मी ३२ वर्षांचा, हिंजवडीत बॅकएंडचं काम करतो, बायको फिजिओथेरपिस्ट. रविवारी हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली माउंटन बाइक) घेऊन वेताळ टेकडी, नाहीतर सिंहगडाच्या मागची बाजू. देश सोडायचाच आहे तर दाराशी डोंगर आणि हाताला काम, दोन्ही मिळेल असं गाव सांग. न्यूझीलंड, कॅनडा की जर्मनी?" मी २०१३ पासून न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये आहे, त्यामुळे माझा काटा इकडेच झुकणार. ते धरूनच पुढचं वाच.

माउंटन बाइकिंगचे व्हिडिओ बघून गाव ठरवू नकोस. व्हिडिओ रविवारचा असतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सुट्टीतला. मी कुठल्याही गावाला एकच प्रश्न विचारते: मंगळवारी साडेपाचला लॅपटॉप मिटला, तर सव्वासहाला चाक मातीत असेल का? वर्षातून दोनदा जगातला सर्वोत्तम ट्रेल आणि आठवड्यातून दोनदा बरासा ट्रेल, यातलं मी दुसरं घेतलं. पहिलं तर पुण्यात राहूनही तिकीट काढून करता येतं.

या मापाने इथलं क्वीन्सटाउन पहिल्याच फेरीत बाद होतं. गोंडोल्यातून सायकल वर न्यायची आणि तळं बघत उतरायचं, हे सगळं खरं आहे. पण तिथलं काम म्हणजे मुख्यतः पर्यटन, आणि घरभाडं असं की तरुण पोरं एका खोलीत दोन-दोन बंक टाकून राहतात. फिजिओ आणि बॅकएंडवाल्याने तिथे सुट्टीत जावं.

रोटोरुआचं जरा वेगळं आहे. तिथलं फाकारेवारेवा जंगल गावाला अगदी चिकटून आहे, जवळजवळ २०० किलोमीटर ट्रेल, आणि जमीन ज्वालामुखीची. पाणी धरत नाही. रात्रभर कोसळला तरी सकाळी निघता येतं. तुझ्यासारख्या माणसाला, ज्याचे जून ते सप्टेंबर सायकल भिंतीला टेकवण्यात जातात, हे काय सुख आहे ते वेगळं सांगायला नको. दरवर्षी क्रँकवर्क्स हा माउंटन बाइकचा महोत्सव भरतो तेव्हा गावात चालायला जागा नसते. गंधकाचा वास येतो; आठवड्याने येईनासा होतो. अडचण एकच, सॉफ्टवेअरची नोकरी. गावात ती नावापुरती आहे. ऑकलंडची कंपनी पूर्णवेळ घरून काम करू देत असेल तर डोळे मिटून रोटोरुआ घे. पण नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून घरून काम द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. ऑकलंड ते रोटोरुआ गाडीने तीन तास, म्हणजे मंगळवार गेलाच.

वेलिंग्टनमध्ये माकारा पीक आहे. १९९८ पासून स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्याने उभं केलेलं, शहराच्या बसने जाता येईल इतकं जवळ. सरकारी खात्यांचं आयटी काम तिथे एकवटलेलं आहे. पण २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मोठी कपात झाली आणि माझ्या ओळखीतली चार माणसं एकाच वेळी बाजारात आली. शिवाय वारा. वाऱ्याबद्दल लोक गमतीने बोलतात, पण कड्यावरून जाताना तो सायकलचं पुढचं चाक उचलून बाजूला ठेवतो तेव्हा गंमत वाटत नाही.

आता माझं गाव. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली आणि शहराचा मधला भाग जवळपास पाडावाच लागला. त्या पुनर्बांधणीत माझ्यासारखे शेकडो इंजिनिअर बाहेरून आले. मी आले तेव्हा मध्यवस्तीत इमारतींपेक्षा खडीची पार्किंगं जास्त होती. सायकल मी पुण्याहून आणली होती, ती केवळ बाबांनी आग्रह केला म्हणून. पोर्ट हिल्स काय आहेत ते मला माहीतही नव्हतं.

पोर्ट हिल्स म्हणजे जुन्या ज्वालामुखीची कड. शहर सपाट, परातीसारखं, आणि दक्षिणेला ही कड. मध्यवस्तीतून रापाकी ट्रॅकच्या पायथ्याला सायकलनेच वीस-पंचवीस मिनिटं. वर समिट रोडला पोचलं की एका अंगाला लिटलटनचं बंदर आणि दुसऱ्या अंगाला कँटरबरीचं मैदान, पार मागे बर्फाची रांग. झाडं फारशी नाहीत, पिवळं गवत, काळा खडक. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा उन्हाळा संपत आला होता, आणि मला चक्क उन्हाळ्यातला कात्रजचा डोंगर आठवला. डिसेंबरात रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. काम संपवून घरी जेवून निघालं तरी दोन तास उजेड असतो. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, मात्र पाचलाच अंधार. मग हेल्मेटला एक आणि हँडलला एक दिवा लावायचा. रात्रीचा ट्रेल हे वेगळंच प्रकरण आहे, ओळखीचं वळण परकं वाटतं.

गावाला लागूनच क्राइस्टचर्च अ‍ॅडव्हेंचर पार्क आहे. चेअरलिफ्टला सायकल टांगून वर. डिसेंबर २०१६ मध्ये उघडलं आणि दोनच महिन्यांत पोर्ट हिल्सच्या वणव्यात सापडलं. पुन्हा उभं राहिलं, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा वणवा. वाळलेलं गवत आणि वायव्येचा गरम वारा एकत्र आले की इथे सगळे आकाशाकडे बघायला लागतात. शनिवार-रविवारी लांब जायचं असेल तर क्रेगीबर्न आहे, पश्चिमेला शंभरेक किलोमीटर. बीच नावाच्या झाडांचं जंगल, पायाखाली मुळंच मुळं, आणि एका बाजूला दगडांची घसरण. तिथून परत येताना दर वेळी माझे हात चमचा धरायच्या लायकीचे राहत नाहीत.

माझ्या गावाचा दोषही सांगते. पोर्ट हिल्सवरची माती वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी बारीक. लोएस म्हणतात तिला. सुकी असेल तर डांबरासारखी पळते. ओली झाली की आपल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर सायकल घातल्यासारखं होतं: टायरला थर, थरावर थर, आणि शेवटी चाक फोर्कमध्ये अडकून फिरायचंच बंद. त्यामुळे हिवाळ्यात पाऊस झाला की बरेच ट्रेल बंद ठेवतात, आणि ते पाळायचं असतं. ओल्या ट्रेलवर चाकाची चर पाडणाऱ्याला इथे कुणी ओरडत नाही, नुसतं बघतात. ते जास्त लागतं. अशा दिवसांत समुद्राकाठी बॉटल लेक फॉरेस्टला जायचं. रेती आणि पाइन, सपाट, कंटाळवाणं, पण कोरडं.

क्लबच्या ट्रेल दुरुस्तीच्या एका शनिवारी माझी दुसरी नोकरी जमली. पहिलीवरून मंदीत कमी केलं होतं. सहा आठवडे अर्ज टाकत होते, प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर: आमच्याकडे जास्त योग्य उमेदवार आहे. शनिवारी पाण्याचा निचरा काढायला गेले, शेजारी खणणाऱ्या बाईने विचारलं काय करतेस, सोमवारी तिच्या कचेरीत चहाला बोलावलं. इथे ‘इथला अनुभव’ मागतात, आणि तो कागदावर जितका बघतात तितकाच ओळखीतून बघतात. आल्या आल्या पहिल्या महिन्यात एखाद्या क्लबच्या खणायच्या दिवशी जा. फावडं तेच देतात.

आता पडण्याबद्दल. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते. पाचव्या वर्षी माझं गळपट्टीचं हाड मोडलं. सोपा उतार होता, मी बोलत होते, पुढचं चाक धुळीत गेलं. इथे १९७४ पासून एसीसी नावाची योजना आहे: अपघात कुणाचा, कुठे, कुणाच्या चुकीने, हे न विचारता उपचार. क्ष-किरण झाला, हात झोळीत, पुढे तीन महिने फिजिओ; मी भरले ते दर वेळचे थोडेसे डॉलर. कामावरून बाहेर राहावं लागलं तर पगाराच्या ८० टक्के मिळतात, पण पहिला आठवडा आपल्या आजारपणाच्या रजेतून, हे लक्षात ठेव. त्या बदल्यात दुखापतीबद्दल कुणावर भरपाईचा दावा लावता येत नाही. त्यामुळे शेतकरी काय किंवा नगरपालिका काय, आपल्या जमिनीवर ट्रेल काढू द्यायला बिचकत नाहीत. इथे एवढे ट्रेल का आहेत याचं अर्धं उत्तर मला त्या झोळीत हात असताना कळलं. आणि तुझ्या बायकोच्या दृष्टीने बघ, एसीसीचे पेशंट म्हणजे फिजिओंची रोजची रांग. पण आधी तिला इथल्या फिजिओथेरपी बोर्डाची नोंदणी लागेल. ती प्रक्रिया लांब आणि महाग आहे. अभ्यासक्रमाचे तपशील, तासांचे दाखले, सगळं कॉलेजातून काढावं लागतं. तुझ्या अर्जाची वाट बघत थांबू नका, तिचा कागद आजच सुरू करा. कदाचित तिच्याच जोरावर तुम्ही दोघं याल.

तुझ्या नोकरीचं बोलायचं तर बाजार सध्या मंद आहे. २०२४ च्या अखेरीपासून बेरोजगारी ५ टक्क्यांच्या वर गेली, आणि इथली कित्येक पोरं ऑस्ट्रेलियाला निघाली. मान्यताप्राप्त मालकाकडून ऑफर आली की कामाचा व्हिसा. पुढे कायम राहण्यासाठी गुणांची पद्धत. ती दर काही वर्षांनी बदलते, म्हणून आकडे माझ्याकडून घेऊ नकोस, सरकारच्या इमिग्रेशनच्या साइटवर त्याच दिवशी बघ. एजंटाला पैसे देण्याआधी तर नक्की बघ.

कॅनडा. माझा मावसभाऊ व्हँकूवरला लागून असलेल्या बर्नबीला असतो, त्याच्याकडे दोन आठवडे राहिले. व्हँकूवरचा नॉर्थ शोअर म्हणजे या खेळाचं एक माहेरघरच: फ्रॉम आणि सीमोर हे डोंगर, देवदाराची ओली मुळं, जंगलात बांधलेले लाकडी पूल. पाऊस पडला तरी वर्षभर लोक जातात. सॉफ्टवेअरचं कामही इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण डोंगर खाडीच्या पलीकडे आणि भावाचं घर अलीकडे. संध्याकाळी पुलावर जी रांग लागते तिने त्याचा मंगळवार केव्हाच खाल्लाय. त्याची सायकल बाल्कनीत, सीटवर ऊन खात. पलीकडे भाडं परवडलं तर मात्र व्हँकूवर माझ्या गावापेक्षा सरस, हे मान्य करते. व्हँकूवरच्या उत्तरेचं स्क्वॉमिशही तसंच: ट्रेल स्वर्गीय, घरं तेवढीच महाग.

जर्मनीचं तू विचारलंस कारण चाकणच्या ओळखीने श्टुटगार्टला जायची सोय दिसते. ठीक आहे, पण तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या वनकायद्यात दोन मीटरचा नियम आहे: त्याहून अरुंद जंगलवाटेवर, खास परवानगी नसेल तर, सायकल चालवायची नाही. आपल्याला हव्या त्या वाटा सगळ्या अरुंदच असतात. मोजके अधिकृत ट्रेल आहेत, आणि आल्प्स गाडीने काही तासांवर. पण भाषा शिकायला दोन वर्षं द्यायची तयारी असेल तरच. फिजिओला तर पेशंटशी जर्मनमध्येच बोलावं लागेल.

अमेरिकेचं तू विचारलं नाहीस, तरी एक गंमत. वॉलमार्टचं मुख्यालय असलेलं आर्कन्सातलं बेंटनव्हिल. वॉल्टन कुटुंबाच्या पैशाने गावभर ट्रेल, काही तर बाजारपेठेपासूनच सुरू होतात, आणि आपल्याकडचे आयटीवाले तिथे भरपूर. मंगळवारच्या परीक्षेत कदाचित जगात पहिलं येईल. पण एच-वन-बीची सोडत आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीनकार्डची रांग बघता, तिथे जमेपर्यंत तुझे गुडघे टिकायला हवेत.

इथे यायचं ठरलंच तर सायकल विमानाने आण, पण मातीचा कण ठेवू नकोस. मी आईच्या जुन्या टूथब्रशने टायरच्या खाचा घासल्या होत्या आणि फॉर्मवर सायकल, बूट सगळं जाहीर केलं होतं. जाहीर केलं नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. अधिकाऱ्याने टायर फिरवून बघितलं, मान हलवली, मग बूट उलटा केला आणि चिमट्याने वेल्क्रोमधून एक-एक करून आपल्या टेकडीवरची कुसळं काढली. अकरा निघाली. एका पिशवीत भरून त्याने विचारलं, हे काय गवत? मला मराठीच नाव येत होतं.

बघायला येणार असशील तर फेब्रुवारीत येऊ नकोस, तेव्हा कुणीही भुलेल. जुलैत ये. थंडी असेल, घरं आतून दमट, पाचला अंधार, निम्मे ट्रेल बंद. दहा दिवस रहा, त्यातले चार कामाचे वार आपण संध्याकाळी निघू. गराजमध्ये माझी जुनी हार्डटेल पडून आहे, मीडियम साइझ. तुझी उंची कळव, म्हणजे सीटपोस्ट बदलून ठेवते.