गाडी उभी असताना थरथरते? आधी काटा बघ

भाऊ, लगेच इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बदलायला पळू नको. इंजिन गरम झालं की एसी बंद करून आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा बघ. पेट्रोल गाडीत तो साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर हवा. काटा स्थिर आणि तरी स्टेअरिंग, सीट हलते, तर इंजिन माउंटचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं, रबर दबलं असेल.

काटाच नाचतोय आणि सायलेन्सरमधून फट्-फट् ठोका चुकतोय, तर एखादा सिलेंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. स्कॅनर, म्हणजे बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावून घे. कोड ३०२ आला, म्हणजे दुसरा सिलेंडर. आता पैसे न खर्चता होणारी युक्ती: इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर लाव, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालव. ३०३ आला तर कॉइल गेली. ३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल कर. तरीही कोड हलला नाही, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपासून घे.

कोडच नाही आणि काटा वरखाली होतोय? मग व्हॅक्युमचे पाइप (इंजिनाच्या हवा ओढायच्या मार्गाला जोडलेल्या रबरी नळ्या) तपास. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात रबर तडकतंच. बारीक सूं-सूं आवाज येतो, कान दे. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) काळी झाली असेल तर साफ कर. एअर फिल्टरही झटक. शेतरस्त्याची धूळ किती असते, तुला काय सांगू. माझ्या गाडीत तर उंदरानं वायर कुरतडली होती, आणि मी आधी चारही प्लग बदलून बसलो होतो!