ॲपवर 'मान्य आहे' दाबलं म्हणजे हक्क गेला का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वॉरंटीत असतानाच फ्रीज तीनदा बंद पडला, कॉल सेंटर दर वेळी नवीन तिकीट नंबर देतं, आणि आता कंपनीचा मेल आलाय की अटी तुम्ही मान्य केल्यात, वाद असेल तर लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या त्रयस्थाकडे जा, तोही त्यांच्या हेड ऑफिसच्या शहरात. खाली तुम्ही लिहिलंय, 'त्यांच्याकडे वकिलांची फौज, माझा एक खाडा झाला तरी महिन्याचा हिशोब बिघडतो, कायदा पैसेवाल्यांचाच.'

तुमचा राग रास्त आहे. रक्कम लहान असली की माणूस दमून नाद सोडतो आणि अशा दमलेल्या लोकांचे पैसे कंपनीकडेच राहतात, हे मी रोज बघतो.

पण त्या मेलला घाबरू नका. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे धावपळ त्यांनी करायची. किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणी व्हिडिओ कॉलवर मागता येते, त्यामुळे खाडे वाचतील. निकाल कंपनीच्या विरोधात गेला तर अपिलाआधी तिला निकालातली निम्मी रक्कम भरावी लागते, ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

एक मात्र सांभाळा. 'करारच अन्याय्य आहे' असा मुद्दा केलात तर केस जिल्ह्याऐवजी राज्य आयोगाकडे जाते. म्हणून तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी एवढीच ठेवा.

वेळ लागेल, खोटं आश्वासन देत नाही, कायद्यात 3 ते 5 महिने लिहिलेत पण प्रत्यक्षात जास्त जातात. तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे, तेवढी वाट बघू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा, बिल, जॉबशीट (मेकॅनिकने केलेल्या कामाचा कागद), मेल सगळं जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी मेकॅनिक 'काम पूर्ण' म्हणून सही मागेल तेव्हा आधी बिघाड काय होता ते जॉबशीटवर लिहायला लावा, फोटो काढा, मगच सही करा.