समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना नेमकं काय होतं?

पहिली भेट बरीचशी माहिती घेण्यातच जाते: झोप, भूक, घरचं वातावरण, चालू औषधं. साधारण 45 ते 60 मिनिटं. मी तर सुरुवातीला टेबलावरच्या टिश्यूच्या डब्याकडेच बघत बसले होते. मॅडमनी अजिबात घाई केली नाही.

तयार सल्ल्याची अपेक्षा ठेवू नका, प्रश्नच जास्त येतात. घरी आल्यावर कधी कधी आधीपेक्षा जड वाटतं, तेही चालतं. बोललेलं गुप्त राहतं, जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद. फी, भेट रद्द करण्याचे नियम पहिल्याच भेटीत विचारा. गोळ्या हव्या असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, समुपदेशक त्या देत नाहीत. तीन-चार भेटींतही सूर जुळला नाही तर बिनधास्त दुसरे शोधा. परवडत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.