सेल बदलण्याआधी चार्जर बघा

प्रश्न : माझा बारा वर्षं जुना ट्रिमर हल्ली दोन मिनिटांत धापा टाकतो. उघडला तर आत एकाला एक जोडलेले दोन हिरवे सेल निघाले. वर 1.2 व्होल्ट, 600 एमएएच, निकेल-कॅडमियम असं लिहिलंय. तसेच सेल मिळत नाहीत. मुलगा म्हणतो, टॉर्चमधला लिथियम सेल बसवा, जोरात चालेल. बसवू का?

चालेल हो, जोरातच चालेल. पण ट्रिमर चार्जिंगला लावलात की खरी गंमत सुरू होईल, आणि ती तुम्हाला बघायला लागू नये म्हणून हे उत्तर लांबतंय.

तुमच्या दोन सेलचे मिळून होतात 2.4 व्होल्ट. लिथियमचा एकच सेल 3.7 चा असतो आणि पूर्ण भरला की 4.2 वर जातो. तिथे चार्जिंग थांबायलाच हवं. तुमचा चार्जर मात्र निकेलच्या जमान्यातला, भोळा. रात्रभर थोडा थोडा करंट ढकलत राहायचं, एवढंच त्याला माहीत. निकेल-कॅडमियम सेल तो जादा करंट उष्णतेच्या रूपात सोसून घेतो. लिथियम सोसत नाही. तो फुगतो, पेटतोही. म्हणून माझ्याकडे कुठलंही यंत्र आलं की मी आधी त्याचा चार्जर हातात घेते. सेल नंतर.

तुम्ही घ्या निकेल-मेटल हायड्राइड. व्होल्टेज तेच, 1.2. लांबी-जाडी जुन्या सेलवर पट्टी ठेवून मोजा, कारण पेन्सिल सेलसारखे दिसणारे काही सेल त्याच जाडीचे पण लांबीला दोन तृतीयांशच असतात. एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा, थोडा जास्त चालतो, पण हावरटपणा नको. जुन्या सेलवर बहुधा ‘60 एमए, 16 तास’ असं बारीक अक्षरात छापलेलं असेल. चार्जरही तेवढाच करंट देत असेल, तर 800 चा सेल भरायला अठरा-एकोणीस तास लागतील. 2000 चा बसवलात तर जवळजवळ दोन दिवस ट्रिमर भिंतीलाच लटकलेला राहील आणि दाढी वाढत राहील. शिवाय मेटल हायड्राइड जादा चार्जिंगच्या बाबतीत कॅडमियमइतका सोशिक नाही, तेव्हा भरला की काढायचा. दोन्ही सेल एकाच वेळी बदला. एक जुना, एक नवा अशी जोडी लावलीत तर अशक्त सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहून त्याचे प्लस-मायनस उलटे करतो.

आता सोल्डरिंग. सुरुवातीच्या दिवसांत मी सेलच्या बुडालाच वायर चिकटवायला गेले. सोल्डर धरेना, म्हणून गन दाबून ठेवली. अर्ध्या मिनिटाने सेलने ‘फुस्स’ केलं, टोपीखालून ओलसर काहीतरी आलं आणि कोरा करकरीत सेल मेला. तेव्हापासून दोन्ही टोकांना पट्ट्या आधीच जोडलेले सेलच मागते आणि वायर पट्टीच्या शेंड्याला लावते. जुने सेल कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

प्रश्न : कॉर्डलेस फोनसाठी 3.6 व्होल्टचा नवा पॅक आणला. पिन अगदी बरोबर बसली, पण फोन ढिम्म. पॅक खराब असेल का?

पिन बसली म्हणजे प्लस-मायनस जुळले असं नाही. एकाच आकाराच्या पिनमध्ये लाल वायर कधी डावीकडे, कधी उजवीकडे असते. पॅक आधी काढा, मग मल्टिमीटरने बघा आणि जुन्या पॅकशी ताडा. उलटं निघालं तर बारीक सुईने पिनमधली जीभ दाबून वायर बाहेर ओढा आणि जागा बदला. वायर कापायची वेळ आलीच तर एका वेळी एकच कापा. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या की कात्रीच शॉर्ट करते.

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यात पाऱ्याचा गोल सेल लागायचा. आता मिळतो तो अल्कलाइन घातला, तर प्रकाशाचं मीटर चुकीचं दाखवतं.

चुकणारच. पाऱ्याचा सेल शेवटपर्यंत 1.35 व्होल्ट धरून ठेवायचा आणि मीटर त्याच भरवशावर बेतलेलं असायचं. अल्कलाइन 1.5 पासून सुरू होतो आणि उतरत जातो. श्रवणयंत्रात घालतात तो 675 नंबरचा झिंक-एअर सेल घ्या, तो 1.4 च्या आसपास स्थिर राहतो. रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर. तुमचा जुना सेल 625 प्रकारचा असेल तर खोबण साडेपंधराची असणार. मधली जागा रबरी वायसरने भरा. काही कॅमेऱ्यांत मात्र करंट सेलच्या कडेवरून घेतात. तिथे रबर चालणार नाही, तांब्याच्या उघड्या वायरचं कडं करून बसवावं लागतं. कड्याचा स्पर्श फक्त प्लसच्या डबीला होऊ द्या. वरचा स्टिकर काढल्यावर सेल पाच मिनिटं तसाच ठेवा, त्याला हवा लागते. त्याची बारीक भोकंही झाकू नका. एकदा स्टिकर निघाला की वापरा अथवा नका वापरू, तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतोच. म्हणून मी रोल भरायच्या दिवशीच काढते.

प्रश्न : जुन्या पॉवर बँकेचं पोट फुगलंय. दाबून बसवता येईल?

नाही. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.