सही करण्याआधी आईचा विमा विचारा

प्रश्न : ताई, मी मूळचा मिरजेचा, वय 34, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. कंपनीने टोरांटो, म्युनिक आणि सिंगापूर यांपैकी एक ऑफिस निवडायला सांगितलं आहे. वडील 2021 मध्ये गेले, मी एकुलता एक. आई 67 वर्षांची आहे. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, बाकी हिंडतीफिरती आहे. तिला एकटीला मागे ठेवणं मला जमणार नाही. जिथे तिला बरोबर नेता येईल तिथेच जायचं ठरवलंय. तिला विचारलं की म्हणते, 'तू जा, माझं काय, मी इथे बरी आहे.' मामा म्हणतात, मिरजेचं घर विकून मोकळा हो. महिनाअखेर कंपनीला कळवायचं आहे. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तिन्ही शहरांचं उत्तर वेगवेगळं आहे. आपल्याकडे रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव असतं. तिकडच्या नोकरीच्या व्हिसावर मात्र 'कुटुंब' म्हणजे नवरा-बायको आणि लहान मुलं. आई त्यात धरलेलीच नाही. तिच्यासाठी दार वेगळं, आणि ते उघडणार की नाही हे तुमचा तिथला दर्जा काय यावर ठरतं. तुम्ही तात्पुरते कामगार आहात, कायम रहिवासी आहात की नागरिक, हे आधी बघतात. आईचं वय नंतर.

टोरांटोपासून सुरुवात करते, कारण तिथलं मी स्वतः भोगलंय. कॅनडाचा 'सुपर व्हिसा' तुम्ही ऐकला असेल. डिसेंबर 2011 मध्ये तो सुरू झाला. दहा वर्षांपर्यंत येता-जाता येतं, आणि जुलै 2022 पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ऐकायला सोन्यासारखं वाटतं. पण बोलावणारं मूल कॅनडाचं नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. तुम्ही वर्क परमिटवर उतरणार, म्हणजे पीआर, कायम रहिवासाचा परवाना, हातात पडेपर्यंत सुपर व्हिसा नाही. तोवर आई साध्या व्हिजिटर व्हिसावर येणार, साधारण सहा महिन्यांसाठी. कायमचं बोलावण्याची जी आई-वडिलांची योजना आहे, तिची आशा धरू नका. 2020 मध्ये आई-वडिलांना बोलावण्याची इच्छा कळवणारे फॉर्म ज्यांनी भरले, त्यांच्यातूनच 2025 पर्यंत आमंत्रणं गेली.

पीआर झाल्यावरही खरी परीक्षा विम्याची असते. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, निदान एक वर्षाचं, आणि ते विकत घेतल्याची पावती. नुसतं कोटेशन चालत नाही. शिवाय तुमचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येला पुरेल इतकं आहे हे दाखवायचं, आणि आईची कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी.

माझी आई 2014 मध्ये कोल्हापूरहून टोरांटोशेजारच्या मिसिसागाला याच सुपर व्हिसावर आली. निघण्याआधी दोन महिने डॉक्टरांनी तिची बीपीची गोळी बदलली होती. आमच्या लेखी ती अगदी किरकोळ गोष्ट. तिकडे आल्यावर पाचव्या महिन्यात तिला चक्कर आली, एक रात्र इमर्जन्सीत काढावी लागली, आणि काही हजार डॉलरचं बिल हातात आलं. विमा कंपनीने दावा नाकारला. पॉलिसीत लिहिलं होतं की जुना आजार प्रवासाआधी ठरावीक काळ 'स्थिर' असला पाहिजे, आणि गोळी किंवा तिची मात्रा बदलली की तो स्थिर धरत नाहीत. मी ते पान वाचलंच नव्हतं. आईला मात्र वाटत राहिलं की पैसे तिच्यामुळे गेले. पुढे कित्येक दिवस ती दुखलं-खुपलं काही सांगेना. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. म्हणून तुमच्या आईच्या मधुमेहाचं मी इतकं धरून बसले आहे. कुठलाही देश निवडा, पण गोळ्या बदलायच्या असतील तर त्या आत्ता, डॉक्टरांशी बोलून बदला. तिकीट काढल्यावर नको.

आता म्युनिक. जर्मनीने इथे खरोखर एक नवं दार उघडलंय, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्या कुशल कामगाराला किंवा ब्लू कार्डधारकाला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपातला परवाना) पहिला निवास परवाना 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर मिळाला, त्याला आई-वडिलांना राहायला बोलावता येतं. जोडीदार तिथे कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. आधी ही सोय फार मोठी अडचण असेल तरच मिळायची. तुम्ही आता नव्याने जाणार, म्हणजे तारखेची अट आपोआप पुरी होते. नागरिकत्वाची वाट बघायला नको. कागदावर तिघांमधला हा सर्वांत माणुसकीचा कायदा.

अडतं ते पुन्हा विम्यावर. आईचा सगळा खर्च तुम्ही पेलू शकता हे दाखवावं लागतं आणि त्यात पूर्ण आरोग्य विमा येतो. तुमच्या पगारातून जो सरकारी आरोग्य विमा कापला जाईल त्यात बायको-मुलं फुकट बसतात, आई बसत नाही. वयाच्या 55 नंतर नव्याने आलेल्या माणसाला त्या सरकारी विम्यात सहसा शिरकावच नसतो. प्रवासी विमा चालत नाही. राहतो तो खासगी विमा, आणि 67 वर्षांच्या मधुमेही बाईला खासगी कंपनी सहजी घेत नाही. घेतलं तर हप्ता दरमहा शेकडो युरोंचा. तुम्ही तरुण म्हणून हे डोक्यात येत नाही. मला भेटलेले निम्मे लोक तिथे पोचल्यावर, घर लावून झाल्यावर हे शोधायला लागतात. तुम्ही उलटं करा. कंपनीच्या एचआरला या आठवड्यात दोन गोष्टी विचारा: आईच्या नावाने खासगी विम्याचा लेखी प्रस्ताव मिळवून देणारा दलाल त्यांच्या ओळखीचा आहे का, आणि म्युनिकचं परदेशी नागरिक कार्यालय कोणती पॉलिसी पुरेशी मानतं. प्रस्ताव हातात येत नाही तोवर म्युनिकला हो म्हणू नका.

सिंगापूरचं थोडक्यात. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्यावर, ठरावीक मासिक पगार 12,000 सिंगापूर डॉलर किंवा जास्त असेल तर आई-वडिलांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिजिट पास मागता येतो. पीआरची वाट बघायला नको. दुखणं आलं तर तिथल्या सरकारी रुग्णालयातली सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना, आईचं बिल पूर्ण दराने. आणि तिचा पास तुमच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दोघांनाही निघायचं.

तुम्ही सरळ विचारलंय म्हणून सरळ सांगते. सिंगापूरचा पगार 12,000 च्या वर असेल तर तुमच्या जागी मी सिंगापूर घेतलं असतं. आई पहिल्याच वर्षी सोबत येते, आणि मुंबईचं विमान साडेपाच तासांचं आहे, मिरजेत कुणाचं बरंवाईट झालं तर ती दुसऱ्या दिवशी पोचते. पगार त्याखाली असेल आणि विम्याचा कागद मिळाला तर म्युनिक. टोरांटो तिसरं. शहर वाईट नाही, पण पहिली काही वर्षं आई तिथे पाहुणीच राहील, आणि तुम्हाला नेमकं तेच नको आहे.

घर विकू नका. मामा तुमच्या भल्याचंच सांगत असतील, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. 'तू जा, माझं काय' हे माझी आईसुद्धा म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. मी त्याचा अर्थ 'मला न्या' असा लावला. तो निम्माच खरा होता. पहिल्या जानेवारीत ती अकरा दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही. एप्रिलमध्ये तिने गॅलरीत कुंडीत मेथी पेरली, मराठी मंडळाच्या गणपतीत दोन मैत्रिणी मिळवल्या, एकटी बसने देवळात जायला लागली. आणि तरीही एकोणीस महिन्यांनी म्हणाली, 'आता मला घरी जायचंय.' घर होतं म्हणून ती जाऊ शकली. त्यानंतर ती दोनदा आली, चार-चार महिने, आणि दोन्ही वेळा आनंदात आली. तुमच्या आईला आधी दोन-तीन महिने तिकडे राहू द्या. मिरजेच्या घराची किल्ली तिच्याच पर्समध्ये राहू दे.

तिचा इथला मेडिक्लेमही बंद करू नका. तिकडे तो चालणार नाही, पण खंड पडला तर परत आल्यावर जुन्या आजारांसाठीचा तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ पहिल्यापासून सुरू होतो. ती कायमची राहायला गेली तर तिचं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, बदलावं लागेल, ते बँकेत विचारून ठेवा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. तुमचा जन्मदाखला आणि आईचा पासपोर्ट शेजारी ठेवा. दाखल्यावर आईचं नाव 'कमल' आणि पासपोर्टवर 'कमलाबाई', किंवा एकीकडे माहेरचं आडनाव, असं आपल्या पिढीच्या आयांच्या बाबतीत फार होतं. तुम्ही तिचेच पुत्र आहात हे परक्या अधिकाऱ्याला त्या दोन कागदांवरूनच कळणार आहे. फरक असेल तर दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून आजच.

प्रश्न : मी 71 वर्षांची निवृत्त शिक्षिका. मुलगा टेक्सासला एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. मला दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय. तो म्हणतो, वर्षभर राहा. राहता येईल का? पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बाई, दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार वाजवण्याची मुभा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात, आणि आय-94 नावाच्या नोंदीवरची तारीख तीच खरी. मुलाला पोचल्याच दिवशी ती इंटरनेटवर उघडून तुम्हाला दाखवायला सांगा. जास्त राहायचं असेल तर त्या तारखेच्या आत मुदतवाढीचा अर्ज करायचा. तारीख उलटून राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दच होतो. माझं मत विचाराल तर सहा महिने राहा, परत या, पुन्हा जा. मुलाला ग्रीन कार्ड मिळालं तरी त्याला आईला कायमचं बोलावता येत नाही, त्यासाठी तो अमेरिकेचा नागरिक व्हावा लागतो. म्हणजे तो विषय पुढचा.

हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' हा सरकारी डिजिटल दाखला आहे. मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढता येतो. नोव्हेंबरात तिकडे असाल तर जाण्याआधी बँकेत जाऊन तुमच्या पेन्शनला तो चालतो ना हे विचारून घ्या. नाहीतर टेक्साससाठी ह्यूस्टनचा भारतीय वाणिज्य दूतावास आहे.

गोळ्या डब्यात काढून नेऊ नका, पट्टीसकट न्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहून घ्या.