सरांना कसं सांगू?

"मॅडम, सरांना कसं सांगू?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पूर्वी ते ऑफिसात काम करणाऱ्यांकडून यायचं. हल्ली वैद्यकीय संशोधनातली मुलं ते जास्त बोलतात. कुणी एमडीची थीसिस करत असतं, कुणी पीएचडी. कुणाचे पेशंट कमी पडलेले असतात, कुणाचा निकाल अपेक्षेच्या उलट आलेला असतो. गोष्ट सांगायची असते एकाच माणसाला, गाइडला, आणि नेमकं तेच होत नाही. म्हणून एका मुलीची हकीकत लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव न ठेवता तिला 'ती'च म्हणते.

ती नवी मुंबईहून ट्रान्स हार्बरने आली, रात्रीची ड्यूटी संपवून. सॅक मांडीवरून खाली ठेवली नाही. मायक्रोबायोलॉजीत एमडी करत होती, दुसरं वर्ष संपत आलं होतं.

"माझी दोन वर्षं पाण्यात गेली, मॅडम."

"असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. अजून कुणाला माहीतच नाही."

हे उत्तर मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवलं.

तिचा विषय होता न्यूमोनिया झालेल्या लहान मुलांच्या नाका-घशातले जंतू. मी मानसशास्त्राची, मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिलाच समजावून सांगायला लावलं. बोलता बोलता तिचा आवाज बदलला. फुप्फुसं निर्जंतुक असतात असंच वैद्यकशास्त्र अगदी अलीकडेपर्यंत मानत होतं, ती म्हणाली. २००७ मध्ये मानवी शरीरातल्या जंतूंचा मोठा प्रकल्प अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा तपासायच्या जागांच्या यादीत फुप्फुसं नव्हतीच. २०१० च्या सुमारास निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही जंतूंची वस्ती असते हे दिसू लागलं. नाकामागे डोलोसिग्रॅन्युलम आणि कोरायनेबॅक्टेरियम हे जंतू भरपूर असलेल्या मुलांना श्वसनाचे आजार कमी होताना दिसतात. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस तर धडधाकट मुलाच्या नाकातही मुकाट राहत असतो. सर्दी-फ्लूचा विषाणू येऊन गेला, आतलं अस्तर दुखावलं, की तो खाली उतरण्याची संधी साधतो. "शेजार चांगला असेल तर घर सांभाळलं जातं, तसं असावं बहुतेक. पण शेजारामुळे आजार टळतो, की मूल निरोगी म्हणून शेजार चांगला, हे अजून नीट सुटलेलं नाही." आतड्यातल्या जंतूंचाही फुप्फुसांशी संबंध लागतो. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर फ्लूविरुद्धचा त्यांचा प्रतिकार कमी पडला, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पाच मिनिटं ती थकलेली दिसलीच नाही. या मुलीचं संशोधनावरचं प्रेम शाबूत आहे, हे मला तिथेच कळलं.

मग घोटाळा सांगितला. स्वॅबच्या प्रत्येक बॅचबरोबर एक न वापरलेला स्वॅबही त्याच सगळ्या प्रक्रियेतून न्यायचा असतो. त्याला ब्लँक म्हणतात. त्यात जवळजवळ काहीच सापडू नये. तिच्या ब्लँकमध्ये जंतूंची भली मोठी यादी निघाली, बरेचसे माती-पाण्यातले. आणि त्यातली काही नावं मुलांच्या सॅम्पलमध्येही होती.

रिपोर्ट येऊन सात आठवडे झाले होते. सरांनी दोनदा विचारलं, दोनदा तिने "अजून आला नाही" म्हणून वेळ मारून नेली. झोप उडाली होती.

"सर काय म्हणतील?"

"तू संशोधनाच्या लायकीची नाहीस म्हणतील."

"आधी कधी म्हणालेत?"

बराच वेळ ती गप्प राहिली. "नाही. एकदा म्हणाले होते, प्रोटोकॉल परत वाच."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार मराठी माणसाला समजावणं फार सोपं जातं, कारण आपल्या भाषेत 'च' आहे. काम निर्दोष असावं ही इच्छा. काम निर्दोषच असलं पाहिजे हा हट्ट. पहिली माणसाला कामाला लावते, दुसरा त्याला रिपोर्ट ड्रॉवरमध्ये लपवायला लावतो. तिला तिची वाक्यं 'च' काढून म्हणायला लावली. तिने म्हटली, हसलीही. पुढच्या आठवड्यात आली तर रिपोर्ट ड्रॉवरमध्येच होता. पटलं होतं, उतरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकत होती. सॉल्टर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा निबंध तिने तीनदा वाचला होता. डीएनए वेगळं काढायच्या किटमध्येच जंतूंचा अंश असतो, हे त्या निबंधाने दाखवलं. मुळात जंतू भरपूर असतील, तर त्याने फारसं बिघडत नाही. घागरभर शाईत पाण्याचे चार थेंब पडले तर कळतही नाहीत. पण श्वसनमार्गाच्या सॅम्पलमध्ये शाईच चमचाभर असते. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या छावणीतल्या बाळांच्या नाकातले जंतू वयानुसार बदलतात असं आधी वाटत होतं. नंतर कळलं, त्या फरकातला बराचसा भाग किटचे लॉट, म्हणजे कारखान्यातून आलेल्या खेपा, वेगवेगळे होते म्हणून दिसत होता. हे सगळं तिने मला शिकवलं, आणि शेवटी म्हणाली, "पण माझ्या बाबतीत माझाच हात लागला असणार." म्हणजे माहितीची कमतरता नव्हती. मग मी तिला आणखी माहिती, आणखी युक्तिवाद कशाला देत होते? तो आठवडा मी तिच्याच शब्दांवर विचार करत घालवला.

तिसऱ्या भेटीत सुरुवातीलाच विचारलं, "ब्लँक कशासाठी लावता?"

ती लगेच शिकवायच्या सुरात आली. "सॅम्पलमध्ये जे दिसतं, त्यातलं आमच्याकडून आलेलं किती ते कळावं म्हणून. नाहीतर किटमधले जंतू आम्ही मुलाच्या नाकातले समजून बसू."

"मग सरांच्या केबिनचा ब्लँक लावू या. सर काहीही बोललेले नाहीत. न वापरलेला स्वॅब. काय सापडतंय त्यात?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. खाली रिक्षांचे हॉर्न चालू होते. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

"सोमवार," ती म्हणाली.

अकरावी-बारावीला ज्या क्लासला ती जायची, तिथे रविवारी टेस्ट असायची आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बाक बदलायचे. एका सोमवारी ती दुसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. फक्त सगळ्यांसमोरून दप्तर उचलून मागे जायचं होतं. घरी तिने सांगितलंच नाही.

"केबिनच्या दारात हात ठेवला की मला ते दप्तर उचलल्यासारखं होतं." मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हे सरांचं नाहीये, मॅडम. हे किटमधलं आहे."

हे वाक्य माझं नाही, तिचं आहे. पण त्यापर्यंतचा रस्ता मी तिच्याच प्रयोगशाळेतून काढला, याचा मला आनंद आहे. माणसाला त्याच्या कामाच्या भाषेत विचारलं तर तो स्वतःशी खोटं बोलू शकत नाही, असं मला त्या दिवसापासून वाटतं. सुताराशी मी रंध्याच्या भाषेत बोलेन.

त्यानंतरचं काम सरळ होतं. सरांपुढे बोलायची तीन वाक्यं तिने लिहिली: काय झालं आहे, मला कधीपासून माहीत आहे, आणि पुढे काय करावं असं मला वाटतं. दुसरं वाक्य तिला तीनदा खोडावंसं वाटलं. मी खोडू दिलं नाही. चूक सांगताना उशीर लपवला, तर पुढच्या वेळी तोच उशीर दुप्पट होऊन येतो.

सर रागावले. ते रागावणार नाहीत असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. दोनेक मिनिटं बोलले, आणि ते ब्लँकबद्दल नव्हतं, लपवण्यात गेलेल्या आठवड्यांबद्दल होतं. ती बसून राहिली. मग त्यांनी किटचे लॉट नंबर मागितले. दोघांनी यादी समोर घेऊन बघितलं, तर मातीतल्या जंतूंची नावं एकाच लॉटच्या बॅचमध्ये दाटली होती. त्या बॅचची सॅम्पल बाजूला ठेवावी लागली. थीसिसचा निष्कर्ष आता छोटा आणि सावध आहे.

असे तरुण हाताखाली असलेले गाइड हे वाचत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. रेसिडेंट "सगळं ठीक आहे सर" म्हणतो, तेव्हा ते उत्तर तुमच्या प्रश्नाने तयार केलेलं असतं. "झालं का?" विचारलं की "होतंय" एवढंच मिळतं. "या आठवड्यात काय बिनसलं?" असं विचारा, आणि दर आठवड्याला विचारा, म्हणजे बिनसणं हा रिवाज होईल. स्वतःची फसलेली एखादी बॅच सांगा. पंधरा मिनिटं पुरतात, पण वार ठरलेला हवा. ड्यूटीच्या धबडग्यात "कधीही ये" याचा अर्थ "येऊ नकोस" असाच ऐकू येतो.

आणि मुलांनो, सगळंच किटमधलं नसतं. गाइड चारचौघांत अपमान करत असेल, घरची कामं सांगत असेल, सहीसाठी अडवत असेल, तर तो दोष सॅम्पलमधलाच आहे. ते सहन करायला मी कुणाला शिकवत नाही. तारखांसह लिहून ठेवा, विभागप्रमुखांकडे किंवा कॉलेजच्या समितीकडे जा, एकटे जाऊ नका. झोप-जेवण बिघडून पंधरा दिवस झाले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर आत्ता, रात्र असली तरी, टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एक सवय मी तिला लावली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. सरांशी बोलून आलं की डावीकडे ते जे बोलले ते शब्दशः लिहायचं, उजवीकडे आपल्याला जे ऐकू आलं ते. सुरुवातीच्या पानांवर डावीकडे एक ओळ असायची आणि उजवी बाजू समासापर्यंत भरलेली.

शेवटच्या भेटीत तिने वही माझ्यापुढे सरकवली. ताजं पान बुधवारचं होतं. डावीकडे लिहिलं होतं: "ब्लँक वाढव. चर्चेचा भाग पुन्हा लिही. पुढच्या बुधवारी ये." समासात किटचा लॉट नंबर होता. उजवी बाजू कोरी होती.