टेरेस हाउस म्हणजे गच्चीचं घर नव्हे!

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या गिरणी कामगारांवरच्या एका मराठी लेखात 'कामगार गच्चीच्या घरांत राहत' असं वाक्य आहे, मूळ इंग्रजी शब्द टेरेस हाउस, तर हे बरोबर का. अहो साफ चूक! टेरेस हाउस म्हणजे रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेलं घर. हे 'गच्चीचं घर' मी इतक्यांदा वाचलंय की आता राग येतो. त्या घरांना स्लेटची उतरती छपरं, पावसाचा देश, गच्ची आणायची कुठून?

आपल्याकडचा टेरेस सगळ्यांना माहितीये, तो सोडा. मूळ लॅटिन 'टेरा', जमीन. भर घालून केलेला सपाट उंचवटा म्हणजे टेरेस. आता खरी गंमत बघा, 1768 पासून लंडनला टेम्सच्या काठी ॲडम बंधू या वास्तुरचनाकारांनी उंच कमानी बांधून त्यांच्या माथ्यावर श्रीमंतांच्या एकसारख्या घरांची रांग उभी केली, तिला नाव टेरेस. काहीजण म्हणतात की उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी घरं बांधायचे त्यावरून हा अर्थ आला, मला ते अजिबात पटत नाही, उतार तर आधीपण होते की! माझ्या मते शब्द पसरला तो या श्रीमंती फॅशनमुळे, आणि मग उंचवटा गळाला, रांग तेवढी उरली.

हीच रांग पुढे कामगारांकडे आली. लीड्सची वस्ती 1801 ला 53 हजार, 1851 ला 1 लाख 72 हजार, एवढी माणसं ठेवायची कुठे? तर बॅक टू बॅक घरं. खाली एक खोली, तिच्यातच चूल, वर झोपायची खोली, मागच्या भिंतीला दुसऱ्याचं घर चिकटलेलं, म्हणजे तीन बाजू बंद, खिडक्या फक्त रस्त्याकडे. 1866 च्या कायद्याने आठ-आठ घरांचे गट पाडले आणि मधल्या मोकळ्या जागेत संडास आले. 1909 ला अशा नव्या घरांवर बंदी आली तरी आधी मंजूर झालेल्या नकाशांवर लीड्सात 1937 पर्यंत बांधत राहिले! याला तर मराठीत आयतं 'पाठीला पाठ' आहे, पाठच्या भावाला म्हणतो तसं.

काही अनुवादक 'चाळ' लिहितात, तेही चूक, चाळीला सामाईक गॅलरी असते, इथे प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर.

मग शब्द कोणता? आळी! संस्कृत 'आलि' म्हणजे रांग, तिची आळी झाली, तांबट आळी, कासार आळी, म्हणजे रांगेवरून घरांच्या वस्तीला नाव, टेरेसचं झालं अगदी तेच. आणि 'आवलि'ची झाली ओळ, दिवाळीतही तीच, दिव्यांची ओळ. मी तर 'ओळघर' लिहितो आणि अख्ख्या रांगेला आळी. तुमच्या त्या वाक्यात 'कामगार ओळघरांत राहत' असं करा.